बंदरांतले सील आणि पऱ्हाटींतला वाघ

मनुष्यानें जेथें घाम गाळला ती जागा आपलीच, असा त्याचा जुना समज आहे. शेतकऱ्याला शेत आपलें वाटतें, नाखव्याला धक्का आपला वाटतो, व्यापाऱ्याला वखार आपली वाटते. या समजाला सातबाऱ्याच्या उताऱ्याचा किंवा बंदराच्या नकाशाचा आधारहि असतो. परंतु रानांतलें जनावर सातबारा वाचीत नाहीं आणि समुद्रांतला प्राणी नकाशा पाहत नाहीं. जेथें अन्न मिळतें, निवारा मिळतो आणि जिवाला धोका कमी दिसतो तेथें तें येऊन बसतें. मग एखाद्या दिवशीं मनुष्य सकाळीं कामाला निघतो तों त्याच्या जागेवर दुसराच कोणी बसलेला आढळतो. अशा वेळीं मनुष्य काय करतो, हा इतिहासांतला एक लहानसा पण महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर पुष्कळसें एका गोष्टीवर अवलंबून असतें. ती गोष्ट म्हणजे, या पाहुण्याच्या पाहुणचाराचा खर्च कोणाच्या माथीं बसतो?

या प्रश्नासाठीं येथें तीन जागा घेतल्या आहेत. पहिली अमेरिकेंतील एक बंदर, दुसरी मुंबईंतील शिवडी आणि तिसरी यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा. पहिल्या दोन समुद्राकांठच्या, आणि तिसरी समुद्रापासून शेंकडों मैल दूर. तरी पण दुसरी आणि तिसरी या जागा कापसाच्या एकाच वाटेनें जोडलेल्या आहेत. आणि तिन्ही ठिकाणीं उभा राहिलेला प्रश्न एकाच जातीचा आहे.

सील हा प्राणी भारताच्या किनाऱ्यावर राहत नाहीं. तो बहुधा थंड पाण्यांतला. अंग माशासारखें निमुळतें, तोंड कुत्र्यासारखें, आणि पायांच्या जागीं वल्हीं, असें त्याचें रूप सांगतां येईल. त्याच्याच कुळांतला एक मोठा भाऊबंद म्हणजे समुद्रसिंह. त्याच्या कानांच्या पाळ्या बाहेरून दिसतात आणि पुढच्या वल्ह्यांवर भार देऊन तो जमिनीवर बऱ्यापैकीं चालूं शकतो. मोठा नर तीनशें किलोंच्या वर भरतो. १७ ऑक्टोबर १९८९ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को शहराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. त्याच हिवाळ्यांत त्या शहराच्या ‘पिअर ३९’ नांवाच्या धक्क्याजवळ, हौशी लोकांच्या नौका बांधून ठेवण्यासाठीं पाण्यावर तरंगत ठेवलेल्या फळ्यांवर हे समुद्रसिंह येऊन पडूं लागले. प्रथम थोडे आले, मग शेंकडों आले. त्यांचें भुंकणें रात्रंदिवस चाले आणि दुर्गंधि दूरवर जाई. नौकांच्या मालकांनीं साहजिकच तक्रार केली.

या तक्रारीचा निकाल कसा लागला तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत १९७२ सालीं सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला होता. त्यामुळें जनावरांना मारणें किंवा हवें तसें हुसकावणें शक्य नव्हतें. उपसागरांत हेरिंग मासा विपुल होता आणि या बंदिस्त जागीं मोठ्या शार्क माशांचें भय नव्हतें. म्हणून पाहुणे आपण होऊन जाण्याचीं चिन्हें नव्हतीं. शेवटीं त्या जाणत्या लोकांच्या सल्ल्यानें नौका दुसरीकडे हलविल्या आणि फळ्या समुद्रसिंहांना सोडून दिल्या. आज जगभरचे प्रवासी ते पाहावयास येतात आणि धक्क्यावरचे दुकानदार त्यावर पैसा मिळवितात. २००९ च्या नोव्हेंबरांत एका वेळीं १,७०१ समुद्रसिंह मोजले गेले. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ते जवळजवळ सगळे निघून गेले. मासा जिकडे गेला तिकडे तेहि गेले असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. पुढें ते पुनः परतले. शहराचें प्रेम त्यांना तेव्हां थांबवूं शकलें नाहीं व शहराच्या प्रेमामुळें ते मूळचे आलेहि नव्हते. ते पोटासाठीं आले होते.

येथें पाहुणचाराचा खर्च कोणी दिला? कांहीं नौकांच्या मालकांनीं. तोहि जागा बदलण्यापुरता. ज्यांनीं दिला ते खाऊन पिऊन सुखी होते आणि शहराला मिळालेला नफा त्यांच्या तोट्याहून पुष्कळ मोठा होता. असा सौदा सोपा असतो.

आतां मुंबई. शहराच्या पूर्व अंगाला, बंदराच्या आंतल्या बाजूस शिवडी आहे. इंग्रजांनीं तेथें टेहळणीसाठीं लहानसा किल्ला बांधला तो १६८० च्या सुमारास. पुढें १८७३ सालीं मुंबई बंदराचा ट्रस्ट स्थापन झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं माझगांव ते शिवडी या पट्ट्यांत समुद्रांत भराव घालून शेंकडों एकर नवी जमीन निर्माण करण्यांत आली. या नव्या जमिनीवर ज्या मालासाठीं मोठाल्या वखारी उठल्या तो माल म्हणजे कापूस. आधीं कुलाब्याला कापसाचा जो बाजार भरत असे तो येथें हलला. आणि हार्बर रेल्वेवरील ‘कॉटन ग्रीन’ या स्टेशनाच्या नांवांत त्याची खूण अजून शिल्लक आहे. खानदेश, वऱ्हाड, नागपूर या प्रांतांतून आलेल्या गाठी येथें उतरत, मोजल्या जात, विकल्या जात आणि गिरण्यांकडे किंवा परदेशीं जाणाऱ्या बोटींकडे रवाना होत. अशा रीतीनें वऱ्हाडांतल्या काळ्या मातीचें सोनें शिवडीच्या भरावावर येऊन पडे.

या वखारींच्या पलीकडे, धक्क्याला लागून, ओहोटीच्या वेळीं मैलच्या मैल चिखल उघडा पडतो. कांठानें तिवरें आहेत. जवळच तेलशुद्धीचे कारखाने आणि जुनीं जहाजें मोडण्याचे बंदर. लोखंड तोडणाऱ्या हत्यारांचा खणखणाट सतत चालूं. अशा ठिकाणीं १९९४ च्या सुमारापासून रोहित पक्षी, ज्यांना कित्येक लोक अग्निपंख म्हणतात, हजारोंच्या संख्येनें दिसूं लागले. हिवाळ्याच्या आरंभीं येतात आणि बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशीं जातात. त्यांतले पुष्कळसे लहान जातीचे. उंच पायांवर उभे राहून, वांकडी चोंच उलटी करून ते चिखलपाण्यांतलें बारीक शेवाळ गाळून खातात. त्या शेवाळांतल्याच रंगद्रव्यानें त्यांच्या पिसांना गुलाबी रंग चढतो.

हे पक्षी गुजराथेंतील कच्छच्या रणाचे, असें सामान्यतः मानतात. रणांतल्या त्यांच्या वीणीच्या जागेला पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनीं १९४५ सालीं भेट दिली होती. तो निर्जन मुलूख सोडून गजबजलेल्या बंदरांत त्यांनीं यावें, हें प्रथमदर्शनीं नवल वाटतें. पण कारण शोधूं गेल्यास तें मनुष्याच्या कामांतच सांपडतें. मोठ्या शहराचें सांडपाणी वर्षानुवर्षें खाडींत जात आलें. त्या पाण्यांतल्या खतानें शेवाळ माजलें. गाळ सांचत गेला तसा चिखलाचा पट्टा वाढला. मनुष्यानें नकळत ताट वाढलें आणि पाहुणे जेवावयास आले.

परंतु त्याच सांडपाण्याची दुसरीहि बाजू आहे. खाडीच्या कांठच्या कोळीवाड्यांना जो मासा पूर्वीं घराजवळ मिळे तो कमी झाला. जाळें टाकण्यासाठीं दूर जावें लागूं लागलें. ज्या घाणीनें रोहितांना पोसलें तिनेंच कोळ्याच्या चुलीचा घांस हिरावला. शहरांतली मंडळी दुर्बिणी घेऊन धक्क्यावर उभीं राहतात तेव्हां समोरच्या गुलाबी रेषेंत हा हिशेब दिसत नाहीं. सरकारनें २०१५ सालीं शिवडीच्या उत्तरेस ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम कांठीं रोहितांचें अभयारण्य जाहीर केलें आणि २०२२ सालीं खाडीला रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादींत स्थान मिळालें. खुद्द शिवडीच्या चिखलावरून मात्र सुमारें २२ किलोमीटर लांबीचा सागरी पूल गेला आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. पुलाला पक्ष्यांच्या बाजूनें आवाज अडविणाऱ्या भिंती बसविल्या. त्याच वर्षीं २० मे रोजीं रात्रीं उतरणाऱ्या एका विमानाला घाटकोपरवर रोहितांचा थवा आडवा गेला आणि तीन डझनांहून अधिक पक्षी मेले. तेव्हां येथील सौदा सॅन फ्रॅन्सिस्कोइतका सोपा राहिला नाहीं. तरी एक गोष्ट खरी, कीं रोहित कोणाला मारीत नाहीं. त्याच्यावर प्रेम करणें शहराला परवडतें.

प्रेमाची खरी कसोटी लागते ती पाहुण्याला दांत असले म्हणजे. ती कसोटी ज्या ठिकाणीं लागली तें ठिकाण कापसाच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पांढरकवडा हें केळापूर तालुक्याचें मुख्य ठाणें. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता येथूनच जातो. शाळेच्या इतिहासांत या भागाचा उल्लेख येतो तो मराठेशाहीच्या शेवटल्या दिवसांत. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची गांठ घ्यावी या आशेनें चांद्याकडे निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला १८१८ च्या एप्रिलांत कर्नल ॲडम्सच्या फौजेनें याच टापूंत गांठलें आणि पेशव्याला माघार घ्यावी लागली. त्यानंतर इतिहासाच्या पुस्तकांनीं या मुलुखाकडे फारसें पाहिलें नाहीं. इतिहास मात्र तेथें घडत राहिला. फक्त तो तलवारीनें न घडतां नांगराने घडला.

वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत आला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव एकाएकीं चढले. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. ज्वारीच्या शेतांत पऱ्हाटी उभी राहूं लागली. माळ, कुरण, झुडपी रान यांवरून नांगर फिरूं लागला. पैनगंगेच्या बाजूचीं डोंगराळ रानें व तेथले गोंड, कोलाम यांच्या वस्त्या मात्र बऱ्याच काळपर्यंत तशाच राहिल्या. म्हणून आजहि या तालुक्यांत एका धुऱ्यावर उभें राहिलें तर एका अंगाला पऱ्हाटी आणि तुरीचीं तासें दिसतात व दुसऱ्या अंगाला सागाचें रान. मध्यें एखादा नाला, त्याच्या कांठीं दाट झुडपें. हीच झुडपें रानडुकराला आणि रोह्याला लपावयास सोयीचीं. आणि जेथें रानडुक्कर व रोही तेथें वाघ.

इंग्रजी अमलांत सरकारला या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटे. वाघ हा शेतीचा व महसुलाचा शत्रु ठरला. त्याला मारणाऱ्यास खजिन्यांतून बक्षीस मिळे आणि साहेबलोकांना शिकारीचा मान मिळे. त्या मानानें रानांतल्या लोकांची रीति निराळी होती. मध्यप्रांतांतील जाति-जमातींविषयीं रसेल आणि हिरालाल यांचा जो मोठा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला त्यांत वाघदेवाच्या पूजेचीं वर्णनें आहेत. दगडाला शेंदूर लावावा, नारळ वाढवावा, आणि ‘तूं तुझ्या वाटेनें जा, आम्ही आमच्या वाटेनें जातों’ असा जणूं करार करावा, असा त्या पूजेचा भाव. त्या करारानें वाघाचा दांत बोथट होत नसे; पण रानांत कोणत्या वेळीं जावें व कोठें जाऊं नये याचें शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे.

१९७२ सालीं, म्हणजे अमेरिकेंतला कायदा झाला त्याच वर्षीं, भारतांत वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला व पुढच्या वर्षीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. ज्याच्या डोक्यावर बक्षीस होतें त्याच्या रक्षणासाठीं पहारे बसले. पांढरकवड्याजवळचें टिपेश्वरचें रान १९९७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर. हें रान मोठें नाहीं. एका वाघाला स्वतंत्र मुलूख हवा असतो. अभयारण्यांत वाघ वाढले कीं तरुण वाघांना बाहेर पडावें लागतें, आणि बाहेर पडलें कीं पहिलें पाऊल पडतें तें पऱ्हाटींत.

२०१६ च्या जूनपासून पांढरकवडा व राळेगांव या भागांत माणसें मरूं लागलीं. कोणी शेतांत काम करीत असतां, कोणी गुरें राखीत असतां. दोन वर्षांहून अधिक काळ हें चाललें. वनखात्यानें ज्या वाघिणीवर संशय धरला तिला खात्याच्या दप्तरांत ‘टी-१’ म्हणत. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. तेराहि मृत्यु तिनेंच घडविले कीं काय, याविषयीं जाणत्यांत मतभेद राहिला. परंतु १३ घरांतलीं माणसें गेलीं याविषयीं मतभेद नव्हता. २०१८ च्या एकट्या ऑगस्टांत तिघे मेले.

ऑगस्ट म्हणजे पऱ्हाटी कमरेएवढी वाढण्याचा महिना. निंदण, डवरणी, खत, फवारणी यांची एकच घाई असते. पीक हातचें सोडून घरीं बसणें म्हणजे सावकाराच्या दारीं जाणें. दहा-दहा जणांनीं मिळून एकेका शेतांत जावें, एकानें काम करावें तर दुसऱ्यानें काठी घेऊन पाहावें, असा क्रम खेड्यांत पडला. रात्रीं जागल करावी तर वाघिणीचें भय, न करावी तर डुकरें पीक फस्त करणार. मजूर येईनात. गुराखी गुरें घेऊन रानांत जाईनात. बंदरांतल्या नौका दुसऱ्या धक्क्याला नेतां आल्या. शेत दुसरीकडे नेतां येत नाहीं.

कायद्यानें अशा वेळीं एक वाट ठेविली आहे. मनुष्याच्या जिवाला धोका झालेल्या जनावराला धरतां येत नसेल, बेशुद्ध करतां येत नसेल, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला त्यास मारण्याची आज्ञा देतां येते. २०१८ च्या सप्टेंबरांत अशी आज्ञा निघाली : शक्य तर बेशुद्ध करून धरावें, नच जमलें तर मारावें. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें व तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. ११ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि आज्ञेंत हात घालण्याचें नाकारलें. मग जो शोध सुरू झाला तसा शोध या भागानें पूर्वीं पाहिला नव्हता. झाडाझाडाला कॅमेरे बांधले, श्वानपथक आलें, हवेंतून टेहळणी झाली, हत्ती आणले. त्यांतला एक हत्ती रात्रीं सुटला आणि त्याच्या पायीं एका खेड्यांतली एक स्त्री मेली. वाघिणीपासून रक्षण करण्यासाठीं आणलेल्या साधनानेंहि खेड्याकडूनच किंमत घेतली.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं राळेगांव तालुक्यांत बोराटी गांवाजवळ वाघीण गोळी लागून मेली. तिच्यामागें दहा-अकरा महिन्यांचीं दोन पिलें राहिलीं. त्यांतलें मादी पिलूं डिसेंबरांत धरून पेंचला नेलें; पुढें २०२१ च्या मार्चांत तें मोकळ्या रानांत सोडलें, परंतु दुसऱ्या वाघिणीशीं झालेल्या झुंजीनंतर थोड्याच दिवसांत तेंहि मेलें.

वाघीण मेली त्या रात्रीनंतर महाराष्ट्रांत दोन दृश्यें दिसलीं. बोराटीच्या आसपासच्या खेड्यांत फटाके उडाले, पेढे वाटले गेले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत लोक मेणबत्त्या व फलक घेऊन रस्त्यावर आले. शहरांनीं त्या वाघिणीला ‘अवनी’ हें नांव दिलें होतें. अवनी म्हणजे पृथ्वी. दप्तराला ती ‘टी-१’ होती. खेड्याला ती नुसती ‘वाघीण’ होती. एकाच जनावराचीं तीन नांवें. आणि ज्यानें जें नांव दिलें त्याला त्या जनावराची तेवढीच बाजू दिसत होती.

शहरांतल्या लोकांचें दुःख खोटें होतें असें म्हणतां येणार नाहीं. त्यांच्या आक्षेपांना आधारहि होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानें जी चौकशी केली तींत वाघिणीला मारतांना ठरलेल्या कार्यपद्धतीचा भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला. कायद्यानें दिलेली वाट कायद्याच्याच शिस्तीनें चालावयास हवी, हें मागणें रास्त आहे. पण त्या मागणीच्या शेजारीं दुसरी एक मागणी क्वचितच ऐकूं आली. त्या १३ घरांतल्या चुली कशा पेटतात, हें विचारावयास रस्त्यावर फारसें कोणी आलें नाहीं.

याच काळांतली आणखी एक गोष्ट येथें नोंदण्यासारखी आहे. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मेले. पीक तेंच, शेतें त्याच जातीचीं, आणि मरणारे त्याच वर्गांतले. वाघिणीनें दोन वर्षांत जेवढे घेतले असें म्हणतात त्याहून अधिक जीव विषाच्या डब्यांनीं एका हंगामांत घेतले. त्या डब्याला मात्र कोणी नांव ठेवलें नाहीं व त्याचा शोध घ्यावयास हत्ती आले नाहींत. जेथें काम करणारा माणूस मुळांतच असुरक्षित असतो तेथें वाघ हें त्याच्या अनेक संकटांपैकीं एक संकट असतें. आणि वाघाशीं त्याचें वैर किती तीव्र होईल हें बाकीचीं संकटें किती आहेत यावर ठरतें.

कारण वाघ शेतांत आला म्हणजे माणूस मरतोच असें नाहीं. याला पुरावा टिपेश्वरच्याच रानानें दिला. तेथें जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधलेला होता. २०१९ च्या जूनमध्यें तो नव्या मुलुखाच्या शोधांत निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणांतील अनेक जिल्हे ओलांडीत, वळसे घेत, सुमारें ३,००० किलोमीटर चालून २०२० च्या मार्चपर्यंत तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत स्थिरावला. त्याची वाट रस्त्यांवरून, नाल्यांतून, कपाशीच्या व तुरीच्या शेतांमधून होती. दिवसा तो झुडपांत निजे, रात्रीं चाले. ज्या गांवांच्या शिवेवरून तो गेला त्यांतल्या पुष्कळांना त्याचा पत्ताहि लागला नाहीं. एवढ्या प्रवासांत त्यानें एकाहि माणसाला ठार केलें नाहीं. वाघाला मनुष्याच्या कामाच्या जागेंतून जावयाचें असतें, आणि होतां होईल तों कोणाच्या दृष्टीस न पडतां जावयाचें असतें.

मग खेड्याला हवें तरी काय? तें फार मोठें नाहीं. शेतीला वीज रात्रींच्या पाळींत मिळते म्हणून शेतकऱ्याला काळोखांत पाणी द्यावयास जावें लागतें; ती दिवसा मिळावी, ही विदर्भांतली जुनी मागणी आहे. वीज दिवसा आली तर माणूस आणि वाघ यांच्या वेळा आपोआप निराळ्या होतील. डुकरांसाठीं कुंपणांत चोरून सोडलेली वीज वाघालाहि मारते व शेजाऱ्यालाहि. त्याऐवजीं सुरक्षित कुंपणाला मदत हवी. गुरें रानांत न्यावीं लागूं नयेत एवढा चारा गांवांत हवा. वन्य प्राण्याच्या हल्ल्यांत माणूस मेला तर महाराष्ट्र सरकारनें २०२३ पासून २५ लक्ष रुपयांची मदत ठरविली आहे. ती विनाविलंब पोंचावयास हवी. आणि एखादें जनावर खरोखरच माणसावर चटावलें तर तें दोन वर्षांत नव्हे, दोन महिन्यांत धरलें जावें, एवढी तयारी खात्याजवळ हवी. तसें होतें तर कदाचित् १३ घरांतलीं पुष्कळ माणसें आणि ती वाघीणहि वांचतीं.

या सर्वांना पैसा लागतो. सॅन फ्रॅन्सिस्कोंत तो खर्च ज्यांना परवडत होता त्यांनींच केला, म्हणून तेथली गोष्ट हसतखेळत संपली. शिवडीला तो खर्च कोळ्यावर पडला. कोळी फार ओरडला नाहीं म्हणून कोणाला तो दिसला नाहीं. पांढरकवड्याला तो खर्च जिवाच्या रूपानें पडला व म्हणून साऱ्या देशाला ऐकूं आला. ज्या घरांतून रोहितांची शोभा पाहावयास मंडळी निघतात आणि ज्या घरांतून अवनीसाठीं अश्रु ढाळले गेले, त्याच घरांत पांढरकवड्यासारख्या मुलुखांतल्या कापसाचें कापड वापरलें जातें. तेव्हां वाघाच्या पाहुणचारांतला आपला वांटा देणें हें त्या घरांनीं खेड्यावर केलेले उपकार ठरणार नाहींत. तें जुनें देणें आहे, आणि बरेंच थकलें आहे.

दसऱ्यानंतर पांढरकवड्याच्या भागांत पऱ्हाटीचीं बोंडें फुटतात आणि वेचणीला सुरुवात होते. बाया कमरेला ओटी बांधून ओळीनें तासांत शिरतात. रानालगतच्या शेतांत त्या एकट्यादुकट्या जात नाहींत, आणि वेचतांना एकमेकींशीं मोठ्यानें बोलत राहतात. त्या बोलण्यांत घरच्या गोष्टी असतात, भावाची चर्चा असते. पण तें इतकें मोठ्यानें चालतें याचें कारण नाल्यापलीकडच्या झुडपांत कोणी निजलेला असेल तर त्याला तें आधींच ऐकूं जावें व त्यानें उठून आपल्या वाटेनें निघून जावें.